आतून सारखे दोन दगड

माहेरच्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम माझा, हे आमच्या घरात माझ्या लहानपणापासून मानलेलं होतं. बाबा रोज सकाळी देवांना आंघोळ घालत आणि शाळिग्राम पुसायचं काम माझ्याकडे देत. कुणी पाहुणा आला की म्हणत, "हा देव आमच्या बाईचा हाय. लगन करून जाईन तवा घेऊन जाईन." मी लग्न करून आदिलाबादला आले, डिग्री कॉलेजात शिकवायला लागले, केसही पांढरे व्हायला लागले, तरी देव तिथेच राहिला. बाबा असेपर्यंत तो मागायचं माझ्या मनातही आलं नाही.

आमचं गाव जैनथच्या पुढे, पेनगंगेच्या अलीकडे. गावात शाळिग्राम तेवढा एकच, म्हणून तुळशीच्या लग्नाला सगळ्या गल्लीत नवरदेव आमच्या घरून जायचा. पिवळं फडकं नेसलेला, ताटात बसलेला. ताट माझ्या डोक्यावर, पुढे बाबा, आणि मागे गल्लीतल्या बाया. एका अंगणातलं लग्न आटोपलं की नवरदेव पुढच्या अंगणात. एका संध्याकाळी इतक्या नवऱ्या करूनही त्याच्या तोंडावरची माशी हलत नाही, असं बाबा म्हणायचे आणि बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. दगड मोठा होता, माझ्या ओंजळीत मावत नसे. पंचामृताच्या आणि तेलाच्या थरांनी काळा झालेला, त्यावर एक वेटोळं, आणि वेटोळ्याच्या आतल्या भागात उभ्या कंगोऱ्यांची नक्षी. आमच्या कोणा पूर्वजानं तो गंडकी नदीतून पायी चालत आणला, असं घरात सांगत.

पुढे मी भूशास्त्र शिकायला गेले आणि एका तासाला सरांनी टेबलावर आमचा देव आणून ठेवला. म्हणजे तसाच दुसरा. हा अमोनाईट, म्हणाले. समुद्रातला प्राणी, माखल्यांचा, म्हणजे स्क्विडचा, लांबचा नातलग, डायनोसॉर होते त्या काळात जगलेला आणि त्यांच्याबरोबरच संपलेला. त्याच्या शंखाचा दगड होतो आणि आपल्याकडे काही दगडांची पूजा होते. वर्गातली मुलं हसली. मला एवढा आनंद झाला की मी हसायचं विसरले. माझ्या देवाला आडनाव मिळाल्यासारखं वाटलं.

मी पीएचडी त्यावरच केली. आमच्या भागात अमोनाईट सापडत नाहीत. पेनगंगेच्या काठचा चुनखडक इतका जुना आहे की तो झाला तेव्हा शंख बांधणारे प्राणीच नव्हते, आणि बाकी सगळीकडे काळी माती आणि तिच्याखाली लाव्हाचा दगड. म्हणून मला कच्छला जावं लागलं. तिथल्या एका जातीवर मी काम केलं. प्रश्न साधा होता. एकाच थरात दोन प्रकारचे शंख मिळायचे, एक मोठा, एक लहान. जुन्या लोकांनी त्यांना दोन जाती मानून दोन नावं दिली होती. मला दाखवायचं होतं की ते एकाच जातीतले नर-मादी आहेत.

हे दाखवायचं तर शंख मधोमध कापावा लागतो. अमोनाईट आपलं बाळपण टाकून देत नाही. अंड्यातून बाहेर येतो तेव्हाचा कणभर शंख मध्यभागी तसाच राहतो आणि प्राणी त्याच्याभोवती वेटोळं घालत वाढतो. एक कप्पा बंद करायचा, पुढे सरकायचं, पुन्हा कप्पा. म्हणून कापलेल्या शंखात त्याचा सगळा जन्म दिसतो. मी मोठे आणि लहान दोन्ही कापले आणि आतली वेटोळी मोजत गेले. सुरुवातीचं माप, कंगोरे, जाडी, सगळं तंतोतंत सारखं. एका वयापर्यंत कोण मोठा होणार आणि कोण लहान राहणार, हे कुणालाही सांगता येत नाही. मग लहान थांबतो. त्याचे शेवटचे कप्पे दाटीवाटीनं येतात, ही वाढ संपल्याची खूण, आणि तोंडाशी दोन्ही बाजूंना कानासारखे पट्टे फुटतात. मोठा मात्र अजून वाढतच जातो आणि शेवटच्या वेटोळ्यावर त्याचे कंगोरे विरून अंग गुळगुळीत होतं. मोठी ती मादी, तिला अंडी वाढवायची म्हणून. लहान तो नर. समोर बसून कुणी पाहिलेलं नाही, पण आमच्या शास्त्रात असंच मानतात. शिवाय ही जात फार काळ टिकली नाही, म्हणून ती ज्या थरात सापडते त्या थराचं वय तिच्यावरून कळतं. सोळा कोटी वर्षांच्या आसपास.

सुट्टीत घरी आले की हे सगळं मी बाबांना सांगायचे. बाबा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, कापूस पिकवणारे, पण त्यांच्यासारखा ऐकणारा मला पुढे विद्यापीठातही भेटला नाही. मी कापून घासलेला अर्धा शंख त्यांच्या हातावर ठेवला, तेव्हा ते ओसरीवर उन्हात बसून किती तरी वेळ तो फिरवत राहिले.

"म्हंजे इथपर्यंत पोरगा का पोरगी, मालूमच नाई पडत?" त्यांनी नखानं एका वेटोळ्यावर थांबून विचारलं.

"नाही पडत. मलाही नाही पडत."

"आतून सारखेच?"

"आतून अगदी सारखेच, बाबा."

त्यांनी मान डोलावली. ती मान डोलावणं मला फार आवडायचं. मी घरातली शिकलेली, आणि माझं शिकणं पचवणारा घरात एकच माणूस, असं मला वाटायचं.

त्याच वर्षी तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी घरच्या शाळिग्रामाकडे पहिल्यांदाच अभ्यासकाच्या डोळ्यांनी पाहिलं. तेलाच्या थराखाली एका ठिकाणी मोहरीएवढे सोनेरी दाणे चमकत होते. तसे दाणे माझ्या कच्छच्या दगडात असायचे. आकार मोठा, शेवटचं वेटोळं गुळगुळीत. माझीच जात. मला राहवेना. सगळे जेवायला बसले होते, तिथेच मी म्हटलं, "बाबा, आपला देव गंडकीचा नाही. कच्छचा आहे. आणि तो देव नाही, देवी आहे. बाई आहे ती."

बाबा हसत सुटले. "कच्छ म्हंजे द्वारकेच्या अंगानं आलं, तवा तर अजून बरं. पन म्हंजे इतके वर्सं आपन दोन बायायचंच लगन लावून राह्यलो का?" धाकटा भाऊ तेव्हा कॉलेजात होता, त्याला ठसका लागला. आई हसली नाही. ती उठून देव्हाऱ्याकडे गेली आणि पिवळं फडकं देवाच्या अंगावर नीट पांघरून आली, जणू मी त्याला उघडं पाडलं होतं. रात्री भांडी घासताना म्हणाली, "तुया हातात आलं का दगडाचंही बरं नाई अन् देवाचंही नाई."

तिची समजूत काढायला म्हणून पुढच्या खेपेला मी तिच्यासाठी कच्छहून एक लहान अमोनाईट आणला. नर. मी स्वतः थरातून काढलेला, सुईनं साफ केलेला. त्याचा एक कान साफ करताना तुटला होता, तो मी गोंदानं परत बसवला होता. "घे," म्हटलं, "तुझ्या तुळशीला खरा नवरदेव." आई थट्टेची माणूस नव्हे. तिनं तो मुकाट्यानं घेतला आणि कुठे तरी ठेवून दिला. मीही विसरून गेले.

मग बरीच वर्षं गेली. बाबा गेले ते उन्हाळ्यात, वर्षभर अंथरुणावर राहून. भावानं आणि आईनं त्यांचं सगळं केलं. मी शनिवार-रविवारी जायची. पुढच्या उन्हाळ्यात वर्षश्राद्ध झालं आणि भावाचा फोन आला की विरासतीचं, म्हणजे वारसनोंदीचं, काम अडलंय, जमीन त्याच्या नावावर करायला माझी सही लागते. मी लगेच हो म्हटलं. जमीन तो कसतो, आईला तो सांभाळतो. मी इतकंच म्हटलं, "मला वावर नको. बाबांचा देव तेवढा मला दे."

"घेऊन जा ना अक्का," तो म्हणाला. "तुयाच हाय तो. कोन नाई म्हनते?"

तहसील कचेरीत कारकुनानं तेलुगूत बरंच काही वाचून दाखवलं आणि शेवटी माझ्याकडे पाहून उर्दूतलं एकच विचारलं, राजीखुशी? मी म्हटलं, राजीखुशी. सही केली. घरी आल्यावर भावजयीनं माझी ओटी भरली आणि आईनं लाल कापडात बांधलेला देव स्वतःच्या हातानं माझ्या ओटीत ठेवला. तिचा हात थोडा थांबला. मला वाटलं, तिला जड जातंय. मला रडू आलं. मी तिच्या पाया पडले.

आदिलाबादला येऊन गाठोडं सोडलं आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही, की देव लहान झाला.

तो माझ्या एका तळहातावर बसला. काळा, तेलकट, गंधानं माखलेला, वेटोळं ओळखीचं. पण ओंजळीत न मावणारा तो दगड हा नव्हता. नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, तू किती वर्षांची होतीस तेव्हा? मी भावाला फोन केला.

"अक्का, तू लहान होती तवा," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "लहानपनी सगळंच मोठं दिसते. अन् रोज पानी पडून राह्यलं त्याच्यावर, झिजला असंन."

मोठेपणी मी तो नीट पाहिला त्यालाही बरीच वर्षं झाली होती, नंतर तो पिवळ्या फडक्याखालीच असायचा. आता सांगताना मलाच पटत नाही, पण मी हे मानलं. माप घेऊन पोट भरणारी बाई मी, दुसऱ्यांच्या पीएचड्यांतल्या चुका काढणारी, आणि मी स्वतःला समजावत होते की आठवण दगडापेक्षा मोठी होते. उंबराशेजारची विहीर आता केवढीशी दिसते, शाळेचं मैदान केवढंसं दिसतं. तसंच हेही. दोन महिने मी रोज त्याला आंघोळ घातली. मी देव मानणारी नाही. मी बाबांना आंघोळ घालत होते.

त्या आंघोळींनीच घात केला. थर सुटायला लागला. जुना थर असा सुटत नाही. दोन-तीन पिढ्यांचं तेल आणि दूध वाळून दगडासारखं घट्ट होतं, ते नखानं निघत नाही. हा थर बोटाला लागत होता आणि त्याला ताज्या जवसाच्या तेलाचा वास होता. थराचं वय सांगणं हा तर माझा धंदा. एका रविवारी मी सोड्याच्या गरम पाण्यात दगड ठेवला आणि जुन्या दातांच्या ब्रशनं घासला. काजळी आणि तेल पाण्यावर तरंगलं. खाली सोनेरी दाणे. तोंडाशी कान. एक पुरा, दुसऱ्याच्या बुडाशी गोंदाची पिवळी रेघ. कंगोऱ्यांमध्ये सुईचे बारीक ओरखडे, सगळे उजवीकडे झुकलेले. मी डावरी आहे. माझ्या सुईचे ओरखडे असेच पडतात.

आईला दिलेला नर. माझाच दगड काजळी फासून, लाल कापडात बांधून, ओटीत घालून मला देव म्हणून दिला होता, आणि मी पाया पडले होते.

संतापापेक्षा लाज जास्त वाटत होती. फसवणाऱ्याला माहीत असतं की आपण काय करतोय, फसलेल्यालाच आपण मूर्ख कसे झालो याचा हिशेब लावत बसावं लागतं. मी मनात भावाला नको नको ते बोलले. आईला बोलले. बाबा असते तर असं होऊ दिलं नसतं, हे पुन्हा पुन्हा म्हटलं. तेवढाच आधार होता.

भाऊबीजेला गेले. बसनं जैनथ, तिथून ऑटो. घरात पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, भाऊ टोपी घालून बसलेला. मी ताटात निरांजन, सुपारी, अक्षता ठेवल्या आणि शेजारी पिशवीतून काढून तो धुतलेला दगड ठेवला. ताट घेऊन त्याच्यासमोर बसले.

"ओवाळणीत दुसरं काही नको," मी म्हटलं. "हा घे आणि माझा दे."

त्यानं दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे नाही, आईकडे पाहिलं. भावजय स्वयंपाकघरात निघून गेली.

"त्याले काऊन बोलतेस वं?" आई भिंतीला टेकून बसली होती, तिथूनच म्हणाली. "मी ठेवला तुया ओटीत. तूच म्हनली होतीस ना, खरा नवरदेव हा मनून? खरावालाच देल्ला तुले."

"आई, थट्टा नको करू."

"मी कायची थट्टा करते? तू कापून पायतेस सगळं. करवतीनं देव कापशीन, अन् वर आमालेच दाखोशीन का आत काय हाय. आमी काय पायत बसू?"

"कोण म्हणालं मी कापीन?"

"तुयाच बाबायनं सांगतलं," आई म्हणाली. "अंथरुनावर होते तवाच. म्हने, बाई जमीन मांगनार नाई, देव मांगंन. तिले लहानवाला द्या."

मी म्हटलं, खोटं आहे. भावाला वाटलं असावं की आईची बाजू सावरली पाहिजे. तो खाली मान घालून म्हणाला, "खरं हाय अक्का. बाबाच म्हनले. म्हने, तिले नाई मालूम पडनार. तिनंच मले सांगतलं, आतून दोन्ही सारखेच असते. हातात देव आला का खुश होईन अन् सही करून देईन."

निरांजन ताटात जळत होतं. माझ्या डोळ्यांसमोर बाबांचं नख एका वेटोळ्यावर थांबलेलं होतं. मी त्यांना माझं सगळ्यात आवडतं सांगितलं होतं, कुणाला नाही ते मन लावून सांगितलं होतं, आणि त्यांनी मन लावूनच ऐकलं होतं. त्यात मला फसवण्यापुरतं काय आहे, तेही त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं. भावाशी भांडता येतं, आईशी अबोला धरता येतो. मेलेल्या बापाचं काय करायचं, ते मला आजही कळलेलं नाही. आणि त्यांना एवढंही माहीत नव्हतं, की दोघं आतून सारखे असले तरी मी आतून पाहणारच नव्हते. मी वरूनच पाहिलं असतं. रोज पुसलं असतं, बस.

मी भावाला ओवाळलं. हात आपोआप फिरला. त्यानं ताटात साडी ठेवली आणि डोळे पुसले. म्हणाला, "आई, देऊन टाक. अक्का, आत्ताच घेऊन जा."

आई जागची हलली नाही. माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. "माया गयाची शपथ घेऊन सांग. कापशीन का नाई?"

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या गळ्याला हात लावला. "नाही कापणार, आई. कधीच कापला नसता. बाबांनी एकदा विचारायचं होतं."

"बरं," ती म्हणाली. "तुयशीचं लगन झालं का पाठवते."

जेवण झालं. भावजयीनं आग्रह करून वाढलं आणि मी खाल्लं. हात धुवायला मागच्या अंगणात गेले. परत आले तर मधल्या खोलीत आई लोखंडी कपाटासमोर पाठमोरी उभी. देव्हाऱ्यातून काढलेलं, ओंजळीत न मावणारं पिवळं गाठोडं तिनं साड्यांच्या मागे सारलं, कपाटाला कुलूप लावलं आणि ते लागलंय का, ओढून पाहिलं. मी दारात उभी आहे हे तिला दिसलं. किल्ली तिनं कमरेला खोचली, माझी फराळाची पिशवी उचलली आणि मला ऑटोपर्यंत सोडायला आली.